वीज गेल्यानंतरचा इतिहास

मागच्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, पावसाळ्याआधी घरासाठी जनरेटर घ्यायचा आहे. कोणता घेऊ?" मी आयुष्यभर मराठी शिकवले. माझ्याकडे हा प्रश्न यावा याचे कारण एवढेच की आमच्या वाड्यावर पहिला जनरेटर मी आणला होता आणि त्याच्या आवाजाबद्दल अर्ध्या गावाच्या शिव्याही मीच खाल्ल्या होत्या. त्याला उत्तर द्यायला लागलो आणि बोलता बोलता जत्रेतल्या गॅसबत्तीपर्यंत पोहोचलो. बिचाऱ्याने पंधरा मिनिटे ऐकून घेतले. शेवटी म्हणाला, "सर, हे तुम्ही लिहूनच काढा." म्हणून हा लेख.

आपण जनरेटरला 'पर्यायी व्यवस्था' म्हणतो. खरी वीज खांबावरून येते आणि ती गेली की ही उसनी वीज लावायची, असा आपला समज. इतिहास मात्र उलटा आहे. आधी जनरेटर आला, खांब नंतर आले. मायकेल फॅरेडेने १८३१ साली लंडनमध्ये चुंबक आणि तांब्याची तार यांच्या खेळातून वीज काढून दाखवली, तेव्हा जगात एकही वीजवाहिनी नव्हती. पुढची पन्नास वर्षे ज्याला विजेचा दिवा हवा त्याला यंत्रही स्वतःचेच लागे. आपल्या देशातली पहिली जलविद्युत १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला निर्माण झाली, तीही एका गावापुरतीच. आपल्या गोव्यातही पोर्तुगीज अमदानीत वीज होती ती शहरांपुरती, तेलावर चालणाऱ्या इंजिनांची. म्हणजे पणजीकर ज्या विजेची ऐट मिरवत ती जनरेटरचीच होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६३ साली सरकारचे वीज खाते उभे राहिले आणि हळूहळू महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन शेजाऱ्यांकडून तारा ओढून वीज खेडोपाडी पोहोचली. आजही आपली बहुतेक सगळी वीज घाटावरून आणि घाटापलीकडूनच येते. आंबेवाडीहून शेल्डेला येणारी किंवा कोल्हापूरकडून फोंड्याला आणि आमोण्याला येणारी वाहिनी सह्याद्रीच्या रानातून उतरते. तिथे मृगाच्या पहिल्या वादळात एक झाड आडवे झाले की आपल्या घरात आमटी ढवळताना काळोख होतो. गोव्यात वीज का जाते या प्रश्नाचे अर्धे उत्तर या भूगोलात आहे. उरलेले अर्धे आपल्या माडांत आणि फणसांत. त्यांच्या फांद्या तारांवर येतात आणि त्या छाटायला आलेल्या माणसाशी आपण भांडतो.

वीज येण्याआधीचा उजेड मी पाहिलेला आहे. घरात समई, दिवली, रॉकेलची चिमणी. जत्रेला मात्र गॅसबत्ती. देवळाच्या प्रांगणात रात्रभर नाटक चाले. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना आणि मध्ये एक अशा तीन गॅसबत्त्या टांगलेल्या असत. अंक संपला की गॅसवाला शिडी घेऊन यायचा, बत्ती खाली उतरवायचा, हवा मारायचा, पुन्हा टांगायचा. मुलांना नाटकापेक्षा हाच प्रवेश आवडे. त्या बत्तीच्या आत जी पांढरी जाळी असे, तिला आम्ही मेंटल म्हणायचो. ती बोट लागताच राख होऊन पडे. ही जाळी ऑस्ट्रियातल्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये शोधली आणि पुढे १८९१ मध्ये थोरियम व थोडे सेरियम यांचे मिश्रण ठरवून ती परिपूर्ण केली. बर्लिनच्या माक्स ग्रेट्सने १९१० च्या सुमारास जो दिवा काढला तो पेट्रोमॅक्स. त्यातला 'मॅक्स' म्हणजे हाच माक्स. गंमत पुढे आहे. थोरियम मिळते मोनाझाइट नावाच्या वाळूतून. १९०९ साली शोंबर्ग नावाच्या एका जर्मनाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेली ही वाळू दिसली आणि लौकरच केरळच्या किनाऱ्यावरून ती जहाजे भरभरून युरोपला जाऊ लागली. आपल्याच पश्चिम किनाऱ्याची वाळू जर्मनीला जाऊन आपल्या जत्रेत उजेड होऊन परत येत होती.

गॅसबत्तीनंतर जत्रेत आले ते इंजिन. आधी बैलगाडीतून, मग ट्रकमधून. देवळाच्या तळीपलीकडे ते ठेवत, आवाज नाटकात येऊ नये म्हणून, पण तो यायचाच. दोन मोठी चाके, एकच सिलिंडर, आणि धुड्, धुड्, धुड्. हे मूळ यंत्र इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचे. १९३० च्या आगेमागे त्यांनी मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेणारे संथ डिझेल इंजिन बाजारात आणले. ते इतके साधे आणि दणकट की राजकोटच्या कारखानदारांनी त्याची हुबेहूब नक्कल सुरू केली. मूळ कंपनीने ते बनवणे सोडल्यावरही राजकोटमध्ये ते बनत राहिले. या इंजिनाला पट्ट्याने जोडलेला आल्टरनेटर असे. चार ठोक्यांचे इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा स्फोट, म्हणजे सेकंदाला पाचेक धक्के. प्रत्येक धक्क्याला दिवा किंचित वाढे आणि उतरे. त्या काळचे नाटक ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल, राजा सिंहासनावर स्थिर बसलेला असला तरी त्याच्या मुकुटावरचा उजेड सारखा धापा टाकत असे.

इथे बेळगावची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातले. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान घातले. पुढे चारा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या काळात, १९४६ साली, पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने तर १९३० च्या दशकातच डिझेल इंजिन तयार केले होते. म्हणजे नांगर आणि डिझेल इंजिन या दोन्ही गोष्टी आपल्याकडे मराठी मुलुखातल्या माळरानांवर घडल्या. शेतात विहिरीवर बसवलेले इंजिन लग्नाच्या हंगामात मांडवात जाऊन जनरेटर होई. एकच यंत्र, दोन नोकऱ्या. 'घरासाठी जनरेटर' ही वेगळी वस्तू त्या काळी कुणाच्या डोक्यातही नव्हती.

ती आली १९८० च्या दशकाअखेर. श्रीराम होंडा, बिर्ला यामाहा ही नावे त्या पिढीला पाठ आहेत. हातात उचलून नेता येईल एवढे यंत्र, दोरी ओढली की सुरू. बरीच यंत्रे पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायची. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायची, नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहून दुसऱ्या दिवशी दोरी ओढता ओढता खांदा निखळायची पाळी. दुकानदारांनी दुकानाबाहेर पदपथावर ती साखळीने बांधून ठेवली आणि संध्याकाळी म्हापशाच्या बाजारात वीज गेली की एकाच वेळी पन्नास यंत्रे भुंकू लागत. मी माझे पहिले यंत्र १९९६ साली घेतले, जुने, रॉकेलवरचे. मुलीची दहावी होती.

या यंत्राबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. घरातल्या सगळ्या दिव्यांना वीज कशी द्यायची, हा प्रश्न मी त्या वेळी सगळेच सोडवत तसा सोडवला. एका वायरीच्या दोन्ही टोकांना पिना लावल्या. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे भिंतीतल्या प्लगमध्ये. जनरेटरची वीज प्लगमधून उलटी घरात शिरते आणि सगळे दिवे लागतात. आधी मेन स्विच पाडायचा, एवढे लक्षात ठेवले की झाले. १९९८ च्या चवथीला आरतीच्या ऐन वेळी वीज गेली. माटोळीखाली घरभर पाहुणे, हातात टाळ. मी धावत मांगरात गेलो, दोरी ओढली, वायर खुपसली आणि मेन स्विच पाडायला विसरलो. यंत्र एकदा घुसमटले आणि बंद पडले. मी पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. हा मिस्त्री मूळचा बार्जवरचा. मांडवी-झुवारीतून खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या डिझेल इंजिनांवर त्याची सारी विद्या झालेली. (२०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा बार्जी नांगरून राहिल्या आणि असे कितीतरी मिस्त्री घरोघरच्या जनरेटरांकडे वळले. गोव्यात जनरेटरदुरुस्ती चांगली होते याचे एक कारण ते आहे.) मी त्याला यंत्र कमजोर असल्याची तक्रार सांगितली. त्याने वायर हातात घेतली, तिची दोन टोके पाहिली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग सांगितले ते असे. यंत्र बंद पडले कारण ते एकटे सगळ्या वाड्याला वीज द्यायला निघाले होते. ते घुसमटले हे तुमचे नशीब. घराजवळच कुठे तार तुटलेली असती, तर पुढे ओझे नसल्याने यंत्र खुशाल चालत राहिले असते आणि ती तुटकी तार जिवंत. दुसरे म्हणजे ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. अकरा हजार व्होल्टचे तो घरासाठी दोनशेतीस करतो, तसेच तुमच्या दोनशेतीसचे तो पलीकडे अकरा हजार करू शकतो. आणि वीज गेली असे समजून त्या बाजूला खांबावर एक माणूस चढलेला असतो.

ती वायर मी त्याच दिवशी कापली. त्यानंतर आठ वर्षे जनरेटरवर फक्त एक लांब वायर आणि दोन दिवे चालत. २००६ साली नवे यंत्र घेतले तेव्हा आधी चेंजओव्हर स्विच बसवला आणि मग यंत्र आणले. हा स्विच म्हणजे एक दांडा. वर केला की घर खांबाला जोडलेले, खाली केला की जनरेटरला, मध्ये ठेवला की कुणालाच नाही. दोघांना एकाच वेळी जोडणे त्याच्या रचनेतच शक्य नाही. माणसाच्या आठवणीवर काही ठेवायचे नाही, एवढाच त्याचा गुण. विद्यार्थ्याला मी हेच पहिल्यांदा सांगितले. कंपनी नंतर ठरव, आधी परवानाधारक वायरमन बोलाव, स्विच बसव, अर्थिंग तपास.

आता त्याच्या मूळ प्रश्नाकडे. किती मोठा घ्यायचा? लोक घर पाहून ठरवतात, ठरवायला हवे ते ओझे पाहून. पूर्वी साठ वॅटचे आठ दिवे म्हणजे चारशेऐंशी वॅट होत. आज नऊ वॅटच्या एलईडीचे आठ दिवे बहात्तर वॅटांत होतात. पंखे पाऊणशे वॅटचे धरा. फ्रीज चालताना दीडशे-दोनशे घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट मागतो. विहिरीचा एक अश्वशक्तीचा पंप सर्वांत लबाड. चालताना हजार-अकराशे वॅट आणि सुरू होताना पाच-सहा पट. पंपासाठी जनरेटर घ्यायचा तर यंत्र दुप्पट-तिप्पट मोठे लागते. त्यापेक्षा वादळाचा इशारा आला की टाकी भरून ठेवावी. यंत्रावर केव्हीए लिहिलेले असते, त्याला ०.८ ने गुणले की साधारण किलोवॅट मिळतात. माझे दोन केव्हीएचे आहे, म्हणजे सोळाशे वॅट, आणि त्यावर मी हजाराच्या पुढे ओझे टाकत नाही. वर्षातून मोजके दिवस लागणार असेल तर पेट्रोलचे बरे. डिझेलचे यंत्र रोज तासन्‌तास चालवणाऱ्यासाठी. त्याला पुरेसे ओझे दिले नाही तर न जळलेले तेल सायलेन्सरमध्ये साचते आणि ते कुजते. दोन-चार तासांपुरती वीज जात असेल तर इन्व्हर्टर पुरे, हेही मी त्याला सांगितले. दुकानदार सांगणार नाही.

आवाजाबद्दल २००२ मध्ये केंद्र सरकारने डिझेल संचांसाठी नियम काढला, पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत. धुराचे नवे कडक नियम १ जुलै २०२३ पासून आले. आवाज कमी झाला हे चांगलेच, पण त्यामुळे लोक यंत्र घराजवळ आणू लागले. पावसात भिजू नये म्हणून पडवीत, खिडक्या लावून. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठत नाही. यंत्र उघड्यावर, वर छप्पर, दारे-खिडक्यांपासून किमान वीस फूट. आमच्याकडे मांगर तेवढ्यासाठी कामी आला, त्याला तीन बाजूंनी भिंतच नाही.

निगा म्हणाल तर आपल्या दमट हवेत यंत्र वापराने कमी आणि न वापरण्याने जास्त बिघडते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढते. चार महिने टाकीत ठेवलेले पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट राळ होऊन बसते. म्हणून मी महिन्यातून एका शनिवारी पंधरा-वीस मिनिटे यंत्र चालवतो, रिकामे नाही, पंखे-दिवे लावून. मग पेट्रोलची कळ बंद करतो आणि कार्बोरेटरमधले संपून यंत्र आपोआप थांबू देतो. नव्या यंत्राचे ऑईल पहिल्या वीस तासांनी बदलायचे, नंतर पन्नास ते शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. एअर फिल्टरमध्ये कुंभारीण घर करते, तो उघडून पाहायचा. गरम यंत्रात पेट्रोल ओतायचे नाही. शेजारणीने या शनिवारच्या कवायतीला 'सरांचा जनरेटराचा उपास' असे नाव दिले आहे.

या उपासाचे फळ मिळाले १६ मे २०२१ ला. तौक्ते चक्रीवादळ त्या रविवारी आपल्या किनाऱ्याजवळून गेले. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कोविडमधून उठलेली, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर. इस्पितळात खाट मिळण्याचे ते दिवस नव्हते. सकाळी वाऱ्याने शेजारचा फणस तारांवर घातला आणि वीज गेली. कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे वॅट घेतो. इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी त्याला चार तासही पुरत नाही. हिशेब असा बसवला. दोन तास जनरेटर, त्यात बॅटरीही चार्ज होईल, मग दोन तास बॅटरीवर, तोवर यंत्र थंड, ऑईल तपासायचे, पेट्रोल भरायचे. रात्री मी आणि मुलगी आळीपाळीने. लोखंडी डब्यात दहा लिटर पेट्रोल होते. सोमवारी मुलगी स्कूटरने तीन पंप फिरली, दोन वीज नाही म्हणून बंद.

मंगळवारी दुपारी लाइनमन आला. रेनकोट, डोळे लाल, दोन रात्री झोपलेला नव्हता हे दिसतच होते. खांबाकडे न जाता तो आधी घराघरांत फिरत होता. "मास्तर, तुमगेर जनरेटर आसा न्हय? आसल्यार बंद करात, हांव खांब्यार चडटां." मी त्याला आईच्या खोलीच्या दाराशी नेले. मग चेंजओव्हर स्विच दाखवला. त्याने दांडा नीट पाहिला, वायर कुठून कुठे जाते ते बोट लावून पाहिले. म्हणाला, "तुमचें बरें आसा. चलूं दी." आणि तरीही मीटरकडे जाऊन आमचा चिनी मातीचा फ्यूज उपसला. "हो म्हज्या बोल्सांत दवरतां. राग करूं नाकात." मला राग कसला येणार?

पलीकडच्या घरी त्याने विचारले तेव्हा घरमालक 'ना' म्हणाला. त्यांच्या मागच्या दारी पेट्रोलचा वास होता. लाइनमन वाद घालत बसला नाही. त्यांचाही फ्यूज काढला आणि खिशात टाकला. वाड्यावरची सगळी घरे झाली तेव्हा त्याचा रेनकोटाचा खिसा लोंबत होता. मग त्याने खांबाखाली उभे राहून एकदा कान देऊन ऐकले. आमचे यंत्र चालू होते, त्याचा तेवढाच आवाज. त्याने माझ्याकडे पाहिले, मी स्विचकडे पाहून मान हलवली आणि तो चढला.

संध्याकाळी सातला त्याने फ्यूज परत बसवले. कुणाचा कोणता ते त्याने लक्षात ठेवले होते. आमच्याकडे चहा घेतला, उभ्यानेच. मी दांडा वर केला, मांगरात जाऊन पेट्रोलची कळ बंद केली. यंत्र आणखी मिनिटभर चालले आणि थांबले. आतून आईने विचारले, "लायट आयली?"